ग्लेनिसबाईंचे वीसपैकी वीस

लबाड माणूस मला लांबून ओळखू येतो. चौतीस वर्षं मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. झोपेचं सोंग घेतलेला, खिसे चाचपणारा, उगाचच खिडकीबाहेर बघणारा, सगळे नमुने मी पाहिलेत. त्यामुळे आमच्या फ्रेंचच्या वर्गात कुठेतरी पाणी मुरतंय, हे सगळ्यांच्या आधी मला कळलं तर त्यात नवल ते काय!

आमचं वेदरकोट म्हणजे इंग्लंडच्या नकाशावर माशी बसली तर झाकलं जाईल एवढं गाव. पण फ्रान्समध्ये आमचं एक जोडगाव आहे, म्हणजे आमच्याशी मैत्रीचा करार केलेलं गाव. दर मे महिन्यात तिथली मंडळी बस भरून येतात, आमच्या घरांत उतरतात आणि शनिवारी गावच्या हॉलमध्ये मोठी मेजवानी होते. त्यांचे महापौर फ्रेंचमध्ये भाषण करतात आणि त्यांच्या उजव्या हाताला बसलेला दुभाषा ते इंग्रजीत सांगतो. ती खुर्ची कुणाची, हे वर्गातल्या वर्षभराच्या मार्कांवर ठरतं. गेली चार वर्षं ती माझी होती.

आणि मी ती गाजवली, बरं का! महापौर दहा-दहा मिनिटं बोलायचे. मग मी उठून सांगायचो, "पाहुण्यांना इथे येऊन फार आनंद झाला आहे." लोक टाळ्या वाजवायचे. माझी बायको मॉरीन शेजारी बसून अधूनमधून माझ्या कानात एखादं वाक्य सांगायची. तिलाही जरा भाग घेतल्यासारखं वाटावं म्हणून मी तेही सांगून टाकायचो.

वर्ग त्याच हॉलमध्ये, गुरुवारी दुपारी दोन वाजता. शिकवणाऱ्या डेल्फीनबाई मूळच्या फ्रान्सच्याच, इथल्या खाटकाशी लग्न करून गावात राहिलेल्या. त्या वीस फ्रेंच शब्द म्हणतात आणि आम्ही इंग्रजी अर्थ लिहितो. मग शेजाऱ्याशी कागदांची अदलाबदल होते, बाई उत्तरं वाचतात आणि आपण शेजाऱ्याचा कागद तपासतो. माझी शेजारीण मॉरीन. तपासताना मी नवरा-बायको बघत नाही. खाडाखोड दिसली की अर्धा मार्क कापतो, त्यामुळे तिची गाडी सोळा-सतराच्या पुढे जात नाही. मला मात्र वीसपैकी वीस. वरचा आकडा बघायचा आणि कागद घडी करून खिशात टाकायचा, एवढंच माझं काम.

सप्टेंबरात ग्लेनिस ऑकशॉट नावाच्या बाई वर्गात आल्या. दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं रुग्णांना वेळा देणाऱ्या, अंगात लोकरीचा स्वेटर, तोंडात साखर. पहिल्याच गुरुवारी त्यांना वीसपैकी वीस! दुसऱ्या गुरुवारी वीस. तिसऱ्याही गुरुवारी वीस. माझ्या मनात पाल चुकचुकली. पैकीच्या पैकी मार्क नेहमीनेहमी मिळवणारा माणूस जन्माला यावा लागतो, आणि आमच्या गावात तो एकदा येऊन गेलेला होता.

मी पाळत ठेवायला सुरुवात केली. बाई शब्द म्हणाल्या की ग्लेनिसबाई एक क्षण छताकडे बघायच्या. मी छत तपासलं. त्या सारखी बाही वर सारायच्या, म्हणून चहाच्या वेळी मी पेन्सिल पाडून टेबलाखाली शिरलो आणि त्यांचे बूटसुद्धा बघून आलो. शिवाय त्यांचा कागद तपासत होते लेस्ली. लेस्ली विधुर. आणि नाताळच्या आधी ग्लेनिसबाईंनी त्यांना स्वतः केलेल्या मुरंब्याची बाटली दिलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती!

"तपासणाऱ्याच्या मनात माया असली की मार्कांना काय अर्थ राहतो?" मी घरी मॉरीनला विचारलं.

ती बटाटे सोलत होती. "काहीच नाही," ती म्हणाली. "पण जाऊ दे ना, रोलंड."

हे "जाऊ दे" मला आवडलं नाही. मॉरीनची आणि ग्लेनिसबाईंची अलीकडे गट्टी जमली होती. मी मॉरीनवरही लक्ष ठेवायचं ठरवलं.

मार्च संपत आला तेव्हा ग्लेनिसबाई आणि मी अगदी बरोबरीत होतो. खुर्ची जाणार या विचाराने माझी झोप उडाली. आणि त्या गुरुवारी पुरावा आपणहून चालत आला. चहाच्या वेळी ग्लेनिसबाई चष्म्याची डबी टेबलावर उघडी टाकून गेल्या. आत एक घडी घातलेला कागद होता. मी तो उघडला. फ्रेंच शब्द, समोर इंग्रजी अर्थ, बरोबर वीस! आणि सगळेच्या सगळे त्या दिवशीच्या परीक्षेतले!

मी चमच्याने कप वाजवला. सगळे गप्प झाले. रेल्वेतल्या आवाजात मी कागद वाचून दाखवला आणि डेल्फीनबाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "मिस्टर पिकर्सगिल," त्या म्हणाल्या, "ही पाठ करायची यादी. दर गुरुवारी जाताना मी सगळ्यांना देते. तुम्हालाही देते."

देत असतील. मॉरीन कसले तरी कागद माझ्या दाढीच्या आरशाला चिकटवून ठेवायची खरी. मी ते काढून ठेवायचो, कारण त्यांच्यामुळे हनुवटी दिसायची नाही.

हॉलमध्ये फक्त चहा ढवळल्याचा आवाज येत होता. आमच्याकडे कुणी कुणावर ओरडत नाही, सगळे आपापल्या कपात बघतात. पण मी माघार घेणाऱ्यातला नव्हे. मी म्हटलं, यादीचं राहू दे, तपासणीचं काय? आजचे कागद खुद्द बाईंनी पुन्हा तपासावेत आणि मार्क सगळ्यांसमोर वाचावेत.

मॉरीनने माझी बाही ओढली. "रोलंड, खाली बस. बाईंना कशाला त्रास?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. मैत्रिणीला वाचवायची केवढी ही धडपड, असं मनाशी म्हणत मी तिचा हात बाजूला केला आणि नियम सगळ्यांना सारखा असतो, असं ठणकावून सांगितलं.

बाईंनी कागद गोळा केले आणि खिडकीपाशी बसून तपासले. एका कागदापाशी त्या थांबल्या, पुन्हा वरून वाचू लागल्या. मी ग्लेनिसबाईंकडे रोखून बघत होतो. बाई म्हणाल्या की मार्क हवं तर ज्याला त्याला हळूच सांगते. मी म्हटलं, मोठ्याने.

"ग्लेनिस, एकोणीस," त्यांनी वाचलं. "मॉरीन, वीस. लेस्ली, अकरा." मग त्यांनी घसा साफ केला. "रोलंड, सहा."

त्या सहातले पाच शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत, हे मला नंतर कळलं.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ग्लेनिसबाईंनी बिस्किटांची बशी हळूच माझ्यापुढे सरकवली. शेजाऱ्यांनी दिलेले वर्षभराचे मार्क बाईंनी रद्द केले आणि खुर्ची अर्थातच मॉरीनला मिळाली. मे महिन्यात तिने महापौरांचं अख्खं भाषण सांगितलं, तेव्हा कळलं की गेली चार वर्षं ते दरवेळी आमच्या हॉलच्या गळक्या छताबद्दल काळजी व्यक्त करत होते. मी दाराजवळच्या टेबलावर बसच्या ड्रायव्हरशेजारी बसून टाळ्या वाजवल्या.

पण मार्चमधल्या त्या गुरुवारी घरी जाताना मी मॉरीनच्या चार पावलं पुढे चालत होतो. फाटकापाशी आल्यावर म्हटलं, "चुकलेलं उत्तर चूक आहे असं एकदा तरी सांगायचंस."

"पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं," मॉरीन म्हणाली. "तुला चार मिळाले आणि तू तीन दिवस बोलला नाहीस. पुढच्या आठवड्यात मी वीस दिले, तर तू आपणहून भांडी घासलीस. मग दर गुरुवारी घासायला लागलास."

त्या रात्रीही भांडी मीच घासली. पण तेव्हापासून एक नवाच संशय मला छळतो आहे. ही बाई गेली एकतीस वर्षं माझ्या विनोदांना हसत आली आहे.