दोनशे फुटांच्या आतला संताप

"पोरी, नगरपालिकेत डोकी मोजत नाहीत, जमीन मोजतात," असं शेजारच्या ड्वेन पेनरने ब्रेनाला कुंपणावरून बजावलं होतं. ब्रेनाने ते कानाआड केलं. ड्वेन गवत कापायच्या यंत्रावर बसून साऱ्या जगाला सल्ले देतो, आणि त्या दिवशी तिचं डोकंही ठिकाणावर नव्हतं. लार्कस्पर रस्त्याच्या कोपऱ्यावरची मोकळी जागा राहत्या घरांच्या भागातून काढून दुकानदारीला खुली करायची आणि तिथे रात्रंदिवस चालणारा पेट्रोल पंप आणायचा, असा घाट नगरपालिकेत घातला जात होता. पंप उभा राहणार होता तो नेमका तिच्या दोन वर्षांच्या हॅटीच्या खिडकीसमोर.

"लेकरू रात्रभर पेट्रोल हुंगत झोपणार?" ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, अजून पंप कुठे झालाय?" टॉबी म्हणाला.

"मग उद्घाटनाची फीत कापायला जाऊ आणि तिथेच विरोध करू, चालेल?"

टॉबी भांडी विसळायला लागला.

हॅटीला ढकलगाडीत घालून ब्रेना सह्या गोळा करायला निघाली. चर्चच्या तळघरातलं जेवण, वाचनालयातला गोष्टींचा तास, शाळेच्या मैदानावरचा सामना, काही म्हणजे काही सोडलं नाही तिने. "पंप? पोरीच्या उशाशी?" असं म्हणत लोक पेन हिसकावून घ्यायचे. दंतवैद्याने तर तिच्या तोंडातली नळी काढायच्या आधी सही ठोकली. अख्खं गाव आपल्यासाठी पेटलंय, हे बघून तिचा ऊर भरून आला.

नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी चष्मा लावला.

"ही सही कुणाची?"

"आमच्या दंतवैद्यांची."

"राहतात कुठे?"

"पलीकडच्या गावात. पण फार चिडलेत हो."

"चिडण्याला नियमात जागा नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्या कोपऱ्यापासून दोनशे फुटांच्या आत ज्यांची जमीन आहे, त्यांचीच सही धरतात. भाडेकरू बाद. त्या पट्ट्यातल्या वीस टक्के जमिनीच्या मालकांनी विरोध केला, की मग पंपवाल्यांना नुसतं बहुमत पुरत नाही, सभेतली तीन चतुर्थांश मतं लागतात."

"मग एवढ्या लोकांच्या रागाचं मी काय करू?"

"घरी न्या."

ब्रेनाचा संताप संताप झाला. श्वास कोंडणार तिच्या लेकीचा, आणि किंमत कुणाच्या तरी गवताला. पण नकाशा पुढे होताच. पट्ट्यातली निम्मी घरं भाड्याची, त्यांचे मालक दूर ॲरिझोनात ऊन खात बसलेले, फोनसुद्धा न उचलणारे. ब्रेनाची आणि ड्वेनची जमीन मिळून जेमतेम बारा टक्के. समोरच्या घरात एकटी राहणारी आर्डिथ श्रॅग म्हातारी मात्र भलंमोठं परसू बाळगून होती. तिची एक सही मिळाली की काम फत्ते.

ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांचं कॅसरोल घेऊन ब्रेना तिच्या दारात उभी राहिली. दार साखळीपुरतं उघडलं.

"समोर राहायला येऊन किती वर्षं झाली गं तुला?"

"चार, मिसेस श्रॅग."

"आणि बटाटे आज शिजले?"

ब्रेनाला धरणी दुभंगावी असं झालं. तरी तिने रेटून पंपाचं सगळं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं.

"मला हवाय पंप," ती म्हणाली.

"अहो, रात्रभर दिवे, गाड्या, माणसांची ये-जा..."

"तेच तर. कॉफी मिळेल आणि 'कशा आहात' म्हणून विचारणारं कुणीतरी असेल. पगार घेऊन विचारेना का. तुम्हाला माझं परसू हवंय, मी नकोय."

मग आर्डिथनेच साखळी काढली आणि कॅसरोल आत घेतलं.

"सही देते. रोज सकाळी कॉफीला यायचं, पोरीला घेऊन. एक दिवस चुकलात तर सही मागे घेईन. मतदान होईपर्यंत घेता येते, मी विचारलंय."

ब्रेना रोज गेली. पाणचट कॉफी प्यायली, आणि हॅटीचे मोजे, हॅटीचं जेवण, हॅटीची आई यांच्यावरची टीका निमूट गिळली. सभेत पंपवाल्यांना बहुमत मिळालं, पण तीन चतुर्थांशाला एक मत कमी पडलं. पंप बारगळला. आता आपली सुटका झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी ती शेवटची कॉफी प्यायला गेली.

"वर्षभराने त्यांना पुन्हा अर्ज करता येतो," कपात कॉफी ओतत आर्डिथ म्हणाली. "तेव्हा माझी सही पुन्हा लागेल, नाही का?" आणि किती दिवसांनी तिचा चेहरा असा उजळला होता.

आता थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ब्रेना सासरी नेब्रास्काला निघाली आहे. आपल्या जागी आर्डिथकडे कॉफीला जायला ड्वेनला तिने सांगून ठेवलंय, पण ड्वेन यंत्रावरून उतरेल याची तिला खात्री नाही. तेव्हा त्या बाजूला जाणं झालं, तर जरा लार्कस्परवरच्या आर्डिथच्या हिरव्या दारापाशी थांबा, असं तिचं तुम्हालाही सांगणं आहे. दोनदा वाजवा. पहिल्यांदा ती मुद्दाम उघडत नाही.