काकूंना अर्नाळ्यावर चढवायचंय

माने काका कुणाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. नदी विचारतात.

मी या इमारतीत राहायला आले त्या दिवशी हमालांनी माझं कपाट जिन्याच्या वळणावर अडकवून ठेवलं होतं. तेवढ्यात वरून हाफ पँटमधले एक टकले गृहस्थ भराभर उतरले. "बोला, कुठली नदी?"

विरारमध्ये पहिलाच दिवस. मला वाटलं, पाण्याच्या टँकरची चौकशी चाललीय. मी म्हटलं, "मी नाशिकची."

"म्हणजे गोदावरी! फ्रिगेट! काय दणकट जहाज!" असं म्हणून त्यांनी कपाटाला खांदा लावला आणि ते सोडवलं. त्या दिवसापासून मी गोदावरी. माझं खरं नाव त्यांना आजही माहीत नसावं.

आमच्या इमारतीत कुणालाच स्वतःचं नाव उरलेलं नाही. सेक्रेटरी कराडचे, ते कृष्णा. वॉचमन लखनौचा, भरघोस मिशांचा, त्याला तिसऱ्या मजल्यावरून काकांची हाक यायची, "ए गोमती, पंप बंद कर!" आणि तोही "जी साब" म्हणून बंद करायचा. गोदावरी, कृष्णा, गोमती ही सगळी आपल्या नौदलाची जहाजं, हे आता इमारतीतल्या पोरांनाही पाठ आहे. पंचाईत झाली ती पहिल्या मजल्यावरच्या जोशी सरांची. ते पुण्याचे. काकांनी बराच विचार केला आणि सांत्वनाला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "मुठा? नाही हो सर. तुमच्यासाठी नौदलाने अजून काही केलेलं नाही." सर अजून घुश्शात आहेत.

काका स्वतः साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले. "आमची माणगंगा," ते सांगतात, "चार दिवस नदी, बाकी वर्षभर रस्ता." असा माणूस नौदलात गेला आणि नोकरीची बरीच वर्षं एका लहानशा जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. जहाजाचं नाव अर्नाळा. लोक स्टेशन बघून घर घेतात, मुलांची शाळा बघून घेतात. काकांनी विरारला घर घेतलं, कारण स्टेशनबाहेर त्यांना 'अर्नाळा' अशी जवळच्या गावाची पाटी लावलेली बस उभी दिसली.

ते जुनं जहाज केव्हाच भंगारात गेलं. आता त्याच नावाचं नवं जहाज नौदलात आलंय. ती बातमी आली तेव्हा काकांनी इमारतीत पेढे वाटले. "जहाज जातं, गोदावरी. नावाला पुढची ड्यूटी लागते."

माणूस प्रेमळ, पण खाली राहणाऱ्याला छळ. माझं घर नेमकं त्यांच्या घराखाली. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते दार, दार ते स्वयंपाकघर. काकांचे पाय थांबत नसत. बारा वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलेलं नव्हतं. चहासुद्धा उभ्याने. "बसा की," म्हटलं तर, "थांबलेलं जहाज गंजतं."

"तुम्ही जहाज नाही," मी म्हणायचे.

त्यात ती शिटी. चांदीसारखी चकचकीत, बाकदार. रोज सकाळी आठला ते बाल्कनीत उभे राहून ती फुंकायचे आणि इमारतीतली सगळी तान्ही बाळं एकदम रडायला लागायची. मी वर जाऊन विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, "जहाजावर पाहुणा चढला की मान म्हणून ही वाजवतात. मोठे अधिकारी, मोठे पाहुणे. आम्ही इंजिनवाले खाली तेलात. वर शिटी वाजली की कळायचं, कुणीतरी आलं."

"मग इथे कोण आलंय?"

मी सोसायटीत तक्रार केली, शिटी बंद झाली, दाराजवळच्या खिळ्याला लटकली. मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. मला आठला वालीवच्या कारखान्यात निघायचं असतं, त्यात हा गोंगाट नको. पुठ्ठ्याचे खोके वेळेवर जावे लागतात.

त्या खोक्यांमुळेच पुढचं कळलं. गेल्या हिवाळ्यात काका खोके मागायला आले. पुण्याच्या मुलाने आईवडिलांना तिकडे न्यायचं ठरवलं होतं. काकूंचे गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही. वर्षभर त्या खाली उतरल्या नव्हत्या. जागा विकून झाली होती आणि सोमवारी निघायचं होतं.

मी खोके पाठवले. काका रात्री भरायचे आणि सकाळी उपसायचे. "आज चहाचं पातेलं सापडेना," काकूंनी मला वर बोलावून सांगितलं. "यांना काहीतरी झालंय. विचार तू. तुला ते घाबरतात."

काकू शांत बाई. त्याच एकदा म्हणाल्या होत्या, "लग्न झालं तेव्हा हे म्हणाले, माझी दोन घरं, एक इथलं आणि एक अर्नाळा. मी आठ दिवस रडले. मला वाटलं सवत आहे."

मी काकांना जिन्यातच गाठलं. ते एक मजला उतरत होते, पुन्हा चढत होते. मी मधल्या पायरीवर आडवी उभी राहिले. "काय बिनसलंय, ते एकदा नीट सांगा."

"तिला अर्नाळ्यावर चढवायचं राहिलंय," ते म्हणाले.

वर्षातून एकदा जहाजावर घरच्यांना नेत. एका वर्षी काकू बाळंतपणाला गेलेल्या, एका वर्षी सासू आजारी, मग पेरणी. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणता म्हणता जहाजच गेलं. मग अर्नाळ्याशेजारी घर घेतलं. त्या गावासमोर बेटावर जो किल्ला आहे, त्याचंच नाव जहाजाला दिलेलं. तेवढं तरी दाखवू. पण बेटावर जायचं तर होडीत चढायला गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. काकूंना पाण्याची भीती. येत्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी. मग गुडघे गेले.

"किनाऱ्यावरून दाखवा की," मी म्हटलं.

"किनाऱ्यावरून सगळं जग बघतं. चढलं पाहिजे."

मला असल्या गोष्टींचा कंटाळा येतो. म्हणून म्हटलं, "रविवारी माझी गाडी आहे. भरतीची वेळ काढा. त्याप्रमाणे निघू." काकांनी हिशोब करून दुपारी तीनची वेळ दिली.

वॉचमन आणि कृष्णा, म्हणजे सेक्रेटरी, यांनी काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं. तीच प्लास्टिकची खुर्ची डिकीत टाकली. वाटेत आगाशी गावातून जाताना काका गाडीत अवघडून, सीटवर पूर्ण न टेकता, दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

किनाऱ्यावर पोचलो तर पाणी लांब गेलेलं. होडी पार तिकडे उभी. मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बेटावर परतणाऱ्या दोन कोळणी हसायला लागल्या.

"काका, कवाची भरती काढलीत? पानी सकाळीच चढलं नि उतरलं."

"मी नौदलात होतो," काका ताठ होऊन म्हणाले.

"मंग?"

"इंजिनरूमला." आवाज खाली आला. "आम्हाला समुद्र दिसायचा नाही."

काकू म्हणाल्या, "चला घरी. पाहिलं मी इथूनच." काका वाळूत गोल गोल फिरायला लागले. मला ते बघवेना, मी डिकीतून खुर्ची काढली आणि त्या बायकांकडे वळले. "खुर्ची उचलाल का?"

थोरलीने काकूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "टोपलीभर बोंबलांपेक्षा जड नाय काकी. बस गे."

दोघींनी खुर्ची उचलली आणि चिखलातून, मग पाण्यातून निघाल्या. काकूंनी डोळे गच्च मिटलेले. काका बाजूने पँट भिजवत ओरडत होते, "पोर्ट! पोर्ट! आता स्टारबोर्ड!"

"डावं-उजवं बोला, नायतर काकीला सोडते पान्यात."

"डावं," काका म्हणाले.

होडी बेटाला लागली. बायकांनी खुर्ची पुन्हा उचलली, तेव्हा काका एकदम पुढे पळाले. वाळूत जागा घेतली, टाचा जुळवल्या आणि खिशातून शिटी काढली. ती बारीक, लांब, वर चढत जाणारी किंकाळी किल्ल्याच्या भिंतीवर आपटून परत आली. मध्येच त्यांचा दम तुटला. त्यांनी पुन्हा फुंकली, खुर्ची वाळूवर टेकेपर्यंत फुंकत राहिले, आणि मग त्यांनी सलाम ठोकला.

काकूंनी डोळे उघडले. पदर नीट केला. किल्ला बघितला, सुकायला टाकलेली जाळी बघितली, मग ताठ उभ्या नवऱ्याकडे बघितलं.

"चढले ना मी?"

"चढलीस."

"मग आता बसा."

आणि काका बसले. तिथेच, वाळूत, काकूंच्या खुर्चीला पाठ टेकून. होडीवाल्याने परतीची हाक दिली. त्याने दुसऱ्यांदा हाक दिली तरी ते उठले नाहीत, म्हणून मीच त्याला हाताने खूण केली की थांब जरा.