आबांचा अमेरिकेवाला

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांना, नकाशात अमेरिका दाखवता आली नसती. पण तिथल्या एका घरं बांधणाऱ्याचा हुकूम ते आमच्या घाटनांदूर गावात चालवत. मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. सुट्टीत हैदराबादेहून येताना एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात त्या माणसाने बांधलेल्या घराचं चित्र होतं. बसकं, लांबलचक, सपाट छपराचं.

"माळवद!" आमच्याच घराच्या सपाट मातीच्या छपराकडे बोट दाखवत आबा ओरडले. "चोरलं की लेकाच्यानं आपलं!"

मी वाचत गेलो. हा माणूस आतल्या भिंतीच काढून टाकतो, घरभर उजेड खेळवतो, आता तिकडचे सगळे त्याचंच पाहून बांधतात. आबांनी चोरी तिथल्या तिथे माफ केली.

मग उठल्यासुटल्या "अमेरिकेवाला म्हणतो" सुरू झालं. त्यांनी गोठ्याची भिंत पाडली. सकाळी म्हैस देवघरात, तोंडात झेंडूची माळ. "मोकळं वाटतंय तिला," आबा म्हणाले. बारशाला गेले, तर बाळ बघायच्या आधी यजमानांच्या भिंती ठोकून आले.

एके दिवशी त्यांनी मागल्या अंधाऱ्या खोलीची भिंत पाडली. तिथे त्यांची थोरली बहीण बसत असे. आत्या लहानपणीच विधवा झालेली.

माझे वडील, दादा, कडाडले, "रांडमुंड बाई उजेडात बसवतो का बे? लोक काय म्हणतील?"

"मी कोण, दादा? अमेरिकेवाला म्हणतो."

"वाच रे तू," दादा माझ्याकडे वळले. "तसं लिहिलं नसंल, तर दिस मावळायच्या आत भिंत उभी करतो."

मी पान उघडलं. पुढचा मजकूर मी आधी वाचलाच नव्हता. मागच्या खोल्यांच्या भिंती तो तशाच ठेवतो, असं त्यात स्पष्ट होतं. आबा मासिकाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. आत्याच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"मागली भिंत आधी पाडावी, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"लई आगाऊ हाय तुमचा अमेरिकेवाला," म्हणत दादा बाहेर गेले.

आबांनी उजेडात पोतं अंथरलं. "अक्का, हितं बस."

आत्या बसली. बराच वेळ स्वतःचेच हात बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, त्या अमेरिकेवाल्याला बहीण हाय का रं?"

"असंल की," आबा म्हणाले. "न्हाईतर भिंती कशापायी पाडतोय?"