शेवंताबाईचा नवा पोपट

एका जंगलात, मुलांनो, शेवंता नावाची खार राहत होती. कुठल्या जंगलात, असं लगेच विचारू नका. जिथे बंदोबस्त चोरी झाल्यावर होतो, त्या जंगलात.

शेवंताबाईच्या ढोलीत पावसाळ्याची बेगमी होती. शेंगा, बिया, चिंचोके. शेजारी चोरी झाली तसा तिने धसका घेतला आणि दारावर कासव बसवलं. कासव भलतंच शिस्तीचं. दोन शब्द सांगाल तरच दार उघडणार. पहिला शब्द शेवंताबाईच्या मनातला. दुसरा रोज नवा, तो कासव सकाळी तिच्या पोपटाच्या कानात सांगायचं. शिवाय अडीअडचणीला, दुसऱ्या शब्दाऐवजी चालतील असे, त्याने थोडे जादा शब्द एका पानावर लिहून दिले आणि जपून ठेवायला बजावलं.

शेवंताबाईने ते पान जंगलातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं. ढोलीत.

हसताय काय? तुमचं पान कुठे आहे ते आठवा आधी.

पुढे बाजारात नवे पोपट आले. जास्त हिरवे, चोच चकचकीत. शेवंताबाई जुना पोपट देऊन नवा घेऊन आली. दारात मनातला शब्द सांगितला. कासवाने दुसरा विचारला. नव्या पोपटाने गोड शीळ घातली.

मग ह्या पोपटाला सांगा की शब्द, असं ती म्हणाली. कासव म्हणालं, सांगतो, पण पोपट बदलायचा तर आधी आजचा शब्द सांगा. तो जुन्या पोपटाकडे, आणि जुना पोपट एव्हाना परमुलखात. शेवंताबाईने अंदाजाने दोनदा ठोकून दिलं. दोन्ही चुकले. आणखी एकदा चुकलात तर दार दिवाळीनंतर उघडेल, असं कासवाने शांतपणे सांगितलं.

आभाळ भरून आलं होतं. बरोबरची पिल्लं भुकेने चिवचिवत होती. शेवंताबाईला रडूच कोसळलं.

"कासवदादा, आपण एकाच झाडाखाली वाढलो. मला ओळखत नाही का तुम्ही?"

"ओळखतो ना. पण ओळखणं वेगळं, ओळख पटणं वेगळं."

तेवढ्यात झुडपातून बकुळा घूस आली. शेजारची चोरी हिचीच. मागे शेवंताबाई दार उघडं टाकून गप्पा छाटत बसली होती, तेव्हा हिने त्या पानाचा एक तुकडा कुरतडून नेला होता. त्यावर एक जादा शब्द होता. पण पहिला शब्द ठाऊक नाही, म्हणून बिचारी इतके दिवस हात चोळत बसली होती.

"तुझा शब्द तू सांग, माझा मी सांगते," बकुळा म्हणाली. "अर्धी बेगमी माझी."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. शेवंताबाई कबूल झाली. तिने पुढून एक शब्द सांगितला, बकुळाने मागून दुसरा. चेहरे बघायचं काम कासवाकडे नव्हतंच. त्याने दार उघडलं आणि ते अदबीने म्हणालं, "या बाई. पटली ओळख."

पिल्लं जेवली. बकुळाने अर्धा माल नेला. शेवंताबाईने मग ते पान ढोलीतून काढलं आणि बकुळाच्याच बिळात नेऊन ठेवलं.

तात्पर्य: जादा किल्ली घरात ठेवू नये, विश्वासातल्या माणसाकडे ठेवावी. तसं कोणी न सापडल्यास ओळखीच्या चोराकडे ठेवावी. तो निदान जपून ठेवतो.