ज्याले घाई, तो पुढं

सत्तारभाऊंच्या जीपमध्ये ‘लवकर’ हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. उन्हाळ्यात कुणी काढलाच, तर ते फक्त आरशातून बघत. हिवाळ्यात, बाहेर धुकं असलं, की गाडी थांबत असे. सत्तारभाऊ सीटखालून लाल गमछा काढत आणि ज्याच्या तोंडून शब्द निघाला त्याच्या हातात देत.

“उतरा.”

“काऊन भाऊ?”

“ज्याले घाई, तो पुढं. तुमी चाला, आमी मागून येतो.”

आणि मग तो माणूस, धानाचा व्यापारी असो की तालुक्याचा साहेब, पाठीवर गमछा टाकून रपट्यावरून पुढे चालत असे. रपटा म्हणजे कुरखेड्याहून वडशाला जाताना लागणारा, नाल्यावरचा बुटका पूल. त्याला कठडे नाहीत. थंडीत सकाळी त्यावर असं धुकं बसतं की ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीचं बोनेट दिसू नये. सत्तारभाऊ त्या लाल ठिपक्यामागून बैलाच्या चालीने जीप पलीकडे काढत. एकदा भाचीच्या लग्नाला निघालेल्या एका मामांनी घड्याळ दाखवत हा शब्द काढला. नवा कोट, डोक्याला फेटा, पाठीवर गमछा. वरातीच्या आधी त्या दिवशी मामांचीच वरात निघाली.

“आता घाई हाय का, मामा?” पलीकडे गेल्यावर सत्तारभाऊंनी विचारलं.

“नाई बाबू. थंडी हाय,” मामा म्हणाले.

मी वडशाच्या कॉलेजात ग्रंथपाल. घर कुरखेड्याला, त्यामुळे रोज त्यांच्याच जीपने जाणं-येणं. पुढची, खिडकीकडची सीट माझी. सीट चांगली, पण थंडीत तिथे बसायचं म्हणजे शिक्षा. धुक्यात सत्तारभाऊ सगळ्या काचा खाली करायला लावत आणि कुणालाही कानावर मफलर बांधू देत नसत. “धुईत डोळे कामाचे नाई. कान उघडा ठेवा. बैलाची घंटी आली का सांगा.” धुक्याला ते धुई म्हणत, आणि फार अदबीने म्हणत. “धुई मालकीण हाय, आपुन भाडेकरू. भाडेकरूनं आवाज चढवाचा नाई.” म्हणून मोठा लाइट बंद. “फुल लाइट मारला का ते मालकीण आपल्याच तोंडावर मारते वापस.”

लाइटवर त्यांनी पिवळा कागद चिकटवला होता. वडशाला हिवाळाभर नाटक कंपन्यांची गडबड असते. तिथल्या एका लाइटवाल्याकडून मागून आणलेला तो रंगमंचाचा जिलेटिन कागद. या कागदाच्या उजेडात आमच्यासमोर आलेला प्रत्येक बैल नाटकातल्या राजासारखा सोनेरी दिसत असे.

काच आतून धुरकटू नये म्हणून ते निघण्याआधी अर्धा कापलेला बटाटा तिच्यावर चोळत. आमच्या जीपला डिझेलपेक्षा भाजीचा वास जास्त यायचा. आणि रस्त्यात तनसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेली, मागे दिवा नसलेली बैलगाडी दिसली की ते थांबलेच. फोटो स्टुडिओतून गोळा केलेल्या लग्नांच्या जुन्या सीड्या त्यांच्या डिक्कीत असत. त्यातली एक ते सुतळीने गाडीच्या मागे बांधून देत. उजेड पडला की ती चमकते. त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक बैलगाड्या पाठीवर कुणाचं तरी ‘शुभविवाह’ मिरवत फिरतात.

मी वाटेत पुस्तक वाचत असे. एकदा त्यांनी विचारलं, “बाई, काय लिवलं हाय त्याच्यात?”

“एका माणसाचा प्रवास आहे.”

“पोचला?”

“अजून नाही.”

“मंग बरोबर चालवून राह्यला.”

आमच्याबरोबर कुंभरे गुरुजी असायचे, वडशाजवळच्या शाळेत जाणारे. एकदा शाळेची वेळ टळत आली, पण गमछ्याच्या भीतीने त्यांनी शब्द फिरवून विचारलं, “भाऊ, तुमाले कधीच कुठी पोचाचं नसते का?”

“मले?” सत्तारभाऊ हसले. “माह्या घराले कुलूप हाय, गुरुजी. तुमची चूल पेटली असन, कोनी वाट पाहून राह्यलं असन. म्हणून तुमाले सांभाळून नेतो. मले कायची घाई?”

आम्ही सगळे हसलो. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादेला दिलेली. हे आम्हाला माहीत होतं, तरी हसलो. ते बोलायचेच तसं.

त्या वर्षी पौषात माझे यजमान वडशाच्या दवाखान्यात होते. मी त्यांच्याजवळ राहत असे. दिरांनी बळेच एका रात्रीपुरतं झोपायला घरी पाठवलं. सकाळी पहिल्या जीपने परत निघाले. धुकं इतकं की गावातली झाडंही दिसेनात. रपट्याच्या अलीकडे दिरांचा फोन आला. “वहिनी, कुठपर्यंत आलात? दादा तुम्हालाच विचारताहेत. डॉक्टर म्हणतात, थांबू नका आता.”

फोन ठेवला आणि माझ्या तोंडून गेलं, “सत्तारभाऊ, लवकर.”

सत्तारभाऊंनी जीप उभी केली. सीटखालून गमछा काढला. मी पदर खोचून दार उघडलं.

“तुमी बसा, बाई.”

ते स्वतः उतरले. मागे वळून म्हणाले, “गुरुजी, तुमी ट्रॅक्टर चालवता ना?”

“चालवतो, पण हे—”

“हे त्याचीच बहीण हाय. या पुढं. माह्या पाठीवर नजर ठेवा, बाकी कुठी पाहू नका.”

त्या स्टिअरिंगवर दुसऱ्याचा हात आम्ही कधी पाहिला नव्हता. सत्तारभाऊंनी गमछा खांद्यावर गाठ मारून बांधला, आणि ते पळायला लागले.

त्यांच्या पायात रबरी चप्पल होती. रपट्यावर ती फटफट वाजत होती आणि तेवढाच आवाज धुक्यातून येत होता. मधूनच ते ओरडत, “या! या, गुरुजी! डावीकडं घ्या थोडं!” एक चप्पल वाटेत सुटली. ते थांबले नाहीत. रपटा संपला, पुढचा चढ संपला, वर धुकं विरळ झालं, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर हात ठेवून उभे होते. धाप लागलेली. आत येऊन बसले आणि गमछ्याने कपाळ पुसत एवढंच म्हणाले, “चला. आता दिसते.”

मी पोचले. यजमान शुद्धीवर होते. “काही खाल्लंस का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांचा हात दुपारपर्यंत माझ्या हातात होता. मग ते गेले. ती सकाळ मला मिळाली. आयुष्यात काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी आधी त्या सकाळीचंच नाव घेईन.

सुतक संपल्यावर पुन्हा कामावर जाऊ लागले. माझ्या सीटवर तो गमछा घडी घालून ठेवलेला होता. मधल्या दिवसांत तिथे कुणाला बसू दिलं नाही, असं गुरुजींनी सांगितलं. माझ्या बाजूची काच मात्र सत्तारभाऊंनी अर्धीच खाली करायला सांगितली.

संध्याकाळी कुरखेड्याच्या स्टँडवर सगळे उतरून गेले. मी पर्समध्ये हात घालून बसून राहिले.

“किल्ली सापडत नाई का, बाई?”

“सापडली. हातातच आहे.”

त्यांनी इंजिन बंद केलं. पुसलेलीच काच पुन्हा पुसली. “तुमची भाभी गेली तवा मी बी असाच बसत होतो, गाडीत. कुलूप उघडाले मन होत नव्हतं.” मग त्यांनी फडकं सीटखाली ठेवलं.

“उद्या लवकर या, बाई. काचेले बटाटा चोळाले मले एक मानूस पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी जीप सुटायच्या कितीतरी आधी मी स्टँडवर गेले. धुकं दाट होतं. सत्तारभाऊंनी बटाटा कापून ठेवला होता. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा माझ्या सीटवर.