प्रोसेसरचा खुराक

बायकोचा लॅपटॉप तापतो, हे खरं तर बायकोचं दुखणं. पण सुटीच्या दिवशी माझे हात शिवशिवतात, त्याला कोण काय करणार?

"अंडरव्होल्टिंग करून देतो," मी म्हणालो. "प्रोसेसरला जरा कमी व्होल्टेज द्यायचं. काम तेवढंच, ताप कमी, बॅटरी जास्त वेळ."

"अकरा वाजता माझा व्हिडिओवर इंटरव्ह्यू आहे. दोन वर्षं वाट बघितलीय मी या नोकरीची. हात लावू नकोस!"

ती आंघोळीला गेली. मी हात लावलाच नाही. (माउस लावला.)

व्होल्टेज दहा पॉइंटनी उतरवलं. लॅपटॉप चालू. आणखी दहा. तरी चालू! आता माझा स्वभाव असा, की दुकानदार पटकन 'हो' म्हणाला की आपण फसलो असं वाटतं. म्हणून मी पाडून मागत गेलो आणि लॅपटॉप बिचारा हूं की चूं करेना. दीडशेवर थांबलो. (मन मोठं आहे हो माझं!) वर, दर वेळी सुरू होताना हेच आपोआप लागू व्हावं, अशी सोयही करून ठेवली. मग सासूबाईंना बोलावून लॅपटॉपला हात लावायला सांगितलं.

"गार आहे खरा," त्या म्हणाल्या. "पण करतोय काय तो?"

"सध्या काही नाही."

"मग काय, जावईबापू! तुम्हीसुद्धा दिवसभर गारच असता की."

अकराला इंटरव्ह्यू सुरू झाला. कॅमेरा, माइक, आवाज, सगळं ओझं प्रोसेसरवर एकदम पडलं. बायको म्हणाली, "माझा अनुभव..." आणि स्क्रीन निळी, लॅपटॉप बंद! पुन्हा चालू केला. "माझा अनुभव..." पुन्हा निळी. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"काय केलंस?"

"काही नाही गं, थोडा खुराक कमी..."

सासूबाईंनी मुकाट्याने आपला फोन पुढे केला. बायको त्यावरून इंटरव्ह्यूला बसली आणि मी लॅपटॉप घेऊन टेबलाखाली. घामाघूम होऊन सगळं पूर्ववत करत होतो, तोच वरून, फोनमधून, इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांचा प्रश्न ऐकू आला, "अवघड माणसांबरोबर काम करायचा अनुभव आहे?"

बायकोने फोन फक्त टेबलाखाली वळवला.

पलीकडून साहेबांनी मला नीट न्याहाळलं.

"किती वर्षं?" साहेबांनी विचारलं.

"चौदा."

"सोमवारपासून या."