सबनीसकाकांची घोडवेल

जिन्यात भेटलेल्या बाळंतिणीला खणखणीत आवाजात "दूध पुरेसं येतंय ना?" असं विचारणारा पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे बदलापूरचे शेजारी, सबनीसकाका. मी दुपट्यात पोर गुंडाळून दवाखान्यातून येत होते. मागे सासूबाई. त्यांच्या हातातली पिशवीच पडली! माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"अहो, काय बोलताय काय!" सासूबाई ओरडल्या.

"रसायन आहे ते, वहिनी. रसायनाला काय लाजायचं?" काका शांतपणे म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं पालुपद.

काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते. घरात एकटेच. सुट्टीच्या दिवशी वांगणीच्या डोंगरात जाऊन घोडवेलीचा कंद खणून आणायचे. माणसाच्या डोक्याएवढा! गोणीतून तो बाहेर निघाला तेव्हा वरची सिंधी भाभी "हाय राम" म्हणून मागे सरकली होती. मग तो किसायचा, धुवायचा, खाली बसलेलं पांढरं सत्त्व गच्चीत वाळवायचं, तेही आमच्या पापडांना खेटून. "हिची जपानी बहीण कुड्झू. तिच्या पिठाच्या ते लोक शेवया करतात," असं काका पापड उचलणाऱ्या भाभीलाही ऐकवायचे. "यात प्युरारिन आहे, डायडझीन आहे!"

"हां भाईसाब, होगा," भाभी म्हणायची.

एकदा त्यांनी ती वेल कुंडीत लावली. पावसाळ्यात ती आमच्या गॅलरीत घुसली आणि टीव्हीच्या अँटेनाला गळामिठी मारून बसली. ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर नुसत्या मुंग्या!

माझ्या पोरीला दूध खरंच पुरत नव्हतं. वजन वाढेना, डॉक्टर काळजीत, आणि ती सारखी टाहो फोडायची. एका दुपारी काका दारात उभे. हातात घोडवेलीच्या त्या पांढऱ्या सत्त्वाची बरणी.

"बाळंतिणीला द्या, दूध वाढतं. दुधातून."

"परक्या पुरुषानं आणायची वस्तू आहे का ही?" सासूबाईंनी धाडकन दार लावलं.

मीही संतापले होते. चांगलं सुनवावं म्हणून दार उघडलं, तर काका तिथंच. बरणी छातीशी धरलेली.

"काका, तुम्हाला एवढं काय पडलंय हो?"

"भिंतीतून रडणं ऐकू येतं ना," ते म्हणाले. या वेळी प्युरारिन नाही, रसायन नाही, काही नाही.

मी ओशाळले. "त्रास होतो का तुम्हाला?"

"छे! रडू दे तिला. हिलाही दूध नव्हतं, आमच्या हिला. आमची पोर शेवटी शेवटी रडायचीच थांबली होती."

मी दारातून बाजूला झाले.

पाठीमागून सासूबाई पुढे आल्या. त्यांनी काकांच्या हातातली बरणी घेतली, पदरानं पुसली.

"आत या, सबनीस," त्या म्हणाल्या. "दुधात किती घालायचं, ते नीट सांगा."